भाड्याची खोली

गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्याला लोक वाघ पाहायला जातात. मीही त्यासाठीच गेलो होतो. वाघ दिसला नाही. मोहाच्या जुन्या खोडाला बिलगून फुललेलं वांडा ऑर्किड मात्र दिसलं. सोबतचे एक गृहस्थ म्हणाले, ‘‘बांडगूळ!’’ गाईड पोरगा लगेच म्हणाला, ‘‘नाही जी. बांडगूळ झाडात मुळी घुसवून रस पिते. हा नुसता बसून आहे. पावसाचं, दवाचं पाणी मुळ्यांनीच पिते.’’

घरी येऊन पुस्तकं चाळली, तेव्हा अशाच आणखी एका बिऱ्हाडकरूची ओळख झाली. हायड्नोफायटम. हे नागझिऱ्यातलं नव्हे, आग्नेय आशियातलं, कॉफीच्या कुळातलं. दुसऱ्याच्या फांदीवर राहतं. खोडाचा तळ सुरणासारखा फुगलेला आणि आत बोळच बोळ. ते मुंग्यांनी पोखरलेले नसतात. वाढता वाढता झाड स्वतःच ही दालनं घडवतं. गुळगुळीत भिंतींच्या दालनांत मुंग्या पिल्लं वाढवतात, खरखरीत भिंतींच्या दालनांत कचरा टाकतात. त्या कचऱ्याचं खत या खरखरीत भिंती शोषून घेतात. कॅमिला हक्सली यांनी १९७८ साली या झाडांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मातीवाचून जगणाऱ्या झाडाला खत आणि मुंगीला छप्पर, असा हा व्यवहार.

वाचताना मला १९९३ साल आठवलं. नोकरीच्या गावी खोली शोधत होतो. एका घरमालकांनी चहा पाजला, कवितांची चौकशी केली. मग नाव विचारलं. ‘‘खोली कालच गेली हो.’’ आठवड्यानंतरही ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी तिथेच होती.

शेवटी एका म्हाताऱ्या आजींनी जागा दिली. नाव ऐकून म्हणाल्या, ‘‘पाणी भरशील ना, बाबा?’’ नळ रात्री दोनला यायचा. मी त्यांची पिंपं भरायचो; त्या माझ्यासाठी दोन भाकऱ्या झाकून ठेवायच्या. चार वर्षं राहिलो. कोण कोणाच्या आधारानं राहत होतं, हा हिशेब आम्ही कधी केला नाही.

कुराणातल्या एका सूऱ्याचं नावच ‘नम्ल’, म्हणजे मुंगी. सुलेमानाचं लष्कर येताना पाहून एक मुंगी बाकीच्यांना आपापल्या घरात शिरायला सांगते, अशी त्यात कथा आहे. लहानपणी मला त्यातल्या लष्कराचं भय वाटायचं. त्या पाटीपासून परत फिरलो तेव्हा वाटलं, मुंग्यांना शिरायला घर तरी होतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)