शेवटच्या वाडीपर्यंत प्रकाशतंतू

(कोकणातील एका ग्रामविकास मंडळाच्या मुंबईतील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संकलित भाग)



गावाचा विषय निघाला की आपण रस्ता, पाणी आणि वीज यांविषयी बोलतो. आज मला घरातल्या इंटरनेटविषयी बोलायचे आहे. २०२०च्या टाळेबंदीत आपल्या कोकणातील मुले मोबाईलची रेंज मिळावी म्हणून टेकडीवर खोपटी बांधून, भर पावसात अभ्यास करीत होती. त्यांच्या जिद्दीचे आपण कौतुक केले, ते योग्यच. पण खोपटे बांधावे लागले याची खंत कितीजणांना वाटली?

देशावरचे गाव एका वेशीच्या आत मावते. आपले गाव म्हणजे वरचीवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी, आणि मध्ये ओहोळ, कातळ, दोन घाट्या. शेवटच्या वाडीत बारा घरे, त्यांतील निम्म्यांना गणपती-शिमग्यापर्यंत कुलूप. तेथवर केबल नेण्याचा खर्च कंपनी मांडते आणि थांबते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तो व्यापाराचा हिशेब आहे.

मग उपाय कोणता? टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर अंतर वाढते तसा वेग घटतो. एक्सचेंजपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या घराला त्यातून फारसे काही मिळत नाही. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून संदेश जाऊन येण्यास अर्धा सेकंद आणि वर काही लागतो. बोलताना तो खटकतो. काही शे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांनी हा विलंब पुष्कळ घटवला आहे, परंतु त्यांना मोकळे आभाळ हवे, आणि आपल्या आगरात माड-फणस आभाळ दिसू देतील तर ना! अगदी एकाकी घरासाठी मी तो मार्ग नाकारणार नाही. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने बिनतारी दुव्यांनी गावे जोडण्याचा प्रयोग केला, तोही अभ्यासण्याजोगा आहे. मात्र असे दुवे बहुधा समोरासमोर दृष्टी मागतात, आणि आपल्याकडे मध्ये डोंगर येतो.

म्हणून वाडीसाठी खरा उपाय प्रकाशतंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाश सहज वीस किलोमीटर जातो. एकाच तंतूला फाटे फोडून ३२ घरे जोडता येतात आणि त्या फाट्यांना विजेची गरज नसते. काचेतून वीज वाहत नाही, हा मृगातील गडगडाटात लहान गुण नव्हे.

ग्रामपंचायतींपर्यंत हा तंतू नेण्याची राष्ट्रीय योजना २०११मध्ये मंजूर झाली; पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. तिची एक उणीव अशी होती की अनेक ठिकाणी केबल एका रेषेत गेली. वाटेत कुणाच्या जेसीबीने ती तोडली की पुढची सारी गावे बंद! २०२३च्या सुधारित आराखड्यात म्हणूनच वर्तुळाकार जोडणी ठरली, आणि ग्रामपंचायतीचे ठाणे नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद झाली. 'मागणीनुसार' हा शब्द कृपया लक्षात ठेवा. मागणी गावाने करायची आहे.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील शेतकऱ्यांनी तर वाटच पाहिली नाही. मोठ्या कंपन्या येईनात, तेव्हा २०११मध्ये त्यांनी 'बी फॉर आर एन' ही सहकारी धर्तीची संस्था काढली. लोकांनी भाग घेतले, स्वतः चर खणले, श्रमाच्या मोबदल्यातही भाग मिळाले. आणि शेतमालकांनी आपल्या जमिनीतून केबलला विनामूल्य वाट दिली. एक गिगाबिटचा वेग तिथल्या आडबाजूच्या घरांत पोहोचला. सहकाराच्या महाराष्ट्राला हे सांगावे लागू नये, पण सांगतो आहे.

त्यातील जमिनीची गोष्ट आपल्याला सर्वांत अवघड आहे. मऊ मातीत नांगरासारखे यंत्र चालते, आपल्याकडे जांभा फोडावा लागतो, हे खरे. तरी जांभ्याला उत्तर आहे, खांबावरून केबल नेता येते. सामाईक सातबाऱ्याला काय उत्तर? खासगी जमिनीतून वाट काढायची तर मालकाची संमती हवी. गावी एकटी वृद्ध काकू राहते, आणि उताऱ्यावर चौदा नावे, त्यांतली अकरा मुंबई, ठाणे, डोंबिवलीत. म्हणजे ती नावे या सभागृहात बसली आहेत! गावच्या मुलाला टेकडी चढावी लागते त्याचा एक धागा आपल्या न केलेल्या सहीपर्यंत येतो.

म्हणून मंडळासमोर माझी सूचना आहे. पंचायतीपासून प्रत्येक वाडीपर्यंतची वाट गावकऱ्यांनी पायी चालून नकाशावर आखावी. शक्यतो रस्त्याच्या कडेने, जिथे खासगी जमीन टाळता येते. मासिक शुल्क देण्यास तयार असलेल्या घरांची सह्यांची यादी करावी आणि ग्रामसभेच्या ठरावाबरोबर जोडावी. पंचायतीतील यंत्रासाठी बॅटरी आणि तिची देखभाल करणारा गावातलाच तरुण नेमावा. वीज गेली की जोडणी जाते, मग तंतू कितीही उत्तम असो. घरातल्या उपकरणालाही छोटा इन्व्हर्टर लागेल.

गणपतीत आपण सारे गावी जातो, चौदाही नावे एका अंगणात येतात. संमतिपत्राचा मसुदा मंडळाने त्यापूर्वी छापून ठेवावा. आरतीनंतर, प्रसाद वाटण्याआधी, सह्या घ्याव्यात. नंतर माणसे पांगतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे.