पत्त्यांचा डाव आणि चौकशीची रीत



या व्यासपीठावरून गेले चार दिवस मोठमोठ्या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. आज आम्ही पत्त्यांच्या डावातील लबाडीवर बोलणार, हे कळवले तेव्हा चालकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांच्या कपाळाला आठी पडली होती. ती अजून पुरती गेलेली दिसत नाही. त्यांना आम्ही एवढेच सांगतो, की विषय पत्त्यांचा दिसत असला तरी आमच्या मते तो चौकशीचा आहे; आणि चौकश्यांत आमची पंचवीस वर्षे गेली आहेत. आम्ही दहावीपुढे शिकलो नाही. लेथवर उभे राहून दिवस काढला आणि रात्री नगरवाचनालयात कायद्याची पुस्तके वाचली. कुणाच्या हातात बडतर्फीचा कागद पडला की तो आमच्याकडे येतो.

गेल्या वर्षी असाच एक जण आला. तो कामगार नव्हता, आमचा भाचा होता. पुण्यात नोकरी करतो, पगार आमच्या तिप्पट. म्हणाला, "मामा, तुम्ही लोकांच्या चौकश्या चालवता, आता माझी चालवा." आम्ही विचारले, "पैसे खाल्लेस काय?" म्हणाला, "नाही, पत्ते खेळताना मला स्पर्धेतून बाद केले. लबाडी केली म्हणून." आम्ही हसलो. तो हसला नाही. तेव्हा आम्ही त्याला बसवून घेतले आणि सगळे नीट विचारले.

तो खेळतो तो डाव आपल्या रमीसारखा किंवा ब्रिजसारखा नाही. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने तो रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. त्याचे नाव मॅजिक द गॅदरिंग. पुढे जपानात पोकेमॉनचे पत्ते निघाले, आणखीही निघाले. पण या जातीचा पहिला मोठा डाव हाच. यात बावन्न पानांचा सामाईक कॅट नसतो. प्रत्येक खेळाडू आपला कॅट आपण जमवून आणतो. पत्ते बंद पाकिटांतून विकतात. आत काय निघेल ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. नित्याच्या प्रकारात कॅट निदान साठ पानांचा, आणि 'जमीन' नावाचे साधे पत्ते सोडले तर एक पत्ता चारांहून जास्त घालायचा नाही. जमिनीचे पत्ते हाती आल्याखेरीज बाकीचे पत्ते चालवता येत नाहीत. म्हणजे शेतकऱ्याचेच गणित. जमीन नसली तर बियाणे घेऊन बसायचे. हे पत्ते महाग असतात, म्हणून प्रत्येक पत्ता प्लास्टिकच्या लहान पिशवीत घालून खेळतात.

आता लबाडी कोठे शिरते ते पाहा. कॅट आपला, पिशव्या आपल्या, पिसणारेही आपण. जमिनीच्या पत्त्याच्या पिशवीचा कोपरा नखाने जरा दुमडला, की वरचे पान उलटण्याआधीच ते काय आहे ते कळते. म्हणून प्रतिस्पर्ध्याला तुमचा कॅट पिसण्याचा अगर काटण्याचा हक्क आहे. पण त्यातही खोच आहे. समोरच्याचा कॅट पिसता पिसता खालचे पान पाहून नको ते वर आणून ठेवणारे हातही असतात.

यात बक्षिसे आहेत. १९९६ साली न्यूयॉर्कला या खेळाची पहिली मोठी व्यावसायिक स्पर्धा झाली. २०१८ च्या अखेरीस कंपनीने निवडक ३२ खेळाडूंना वर्षाला ७५,००० डॉलरचा करार देऊ केला होता. दोनतीन वर्षांत ती योजना तिनेच गुंडाळली. ती चालू असताना २०१९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या स्पर्धेत युया वातानाबे या नामांकित जपानी खेळाडूला बाद करण्यात आले. त्याच्या कॅटमधील ठराविक पत्त्यांच्या पिशव्यांवर खुणा आहेत, असे पंचांना आढळले. हा २०१२ चा विजेता, २०१६ साली खेळाच्या सन्मानयादीत निवडला गेलेला. कंपनीने त्याला ३० महिन्यांची बंदी घातली, करार काढून घेतला, सन्मानयादीतून नावही काढले. त्याने लबाडी केल्याचे नाकारले. खुणा होत्या, एवढे प्रसिद्ध झाले. त्या कुणी आणि कशा केल्या, हे आम्हांस येथे बसून सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवणार नाही.

भाच्याचेही तेच. चार पिशव्यांचे कोपरे मळलेले आणि दबलेले, आणि त्यांतल्या तीन जमिनीच्या. पंचाने दोन प्रश्न विचारले आणि बाद केले. आम्ही आमच्या सवयीने विचारले, "आरोपपत्र दिले काय?" नाही. "सहायक घेऊ दिला काय?" नाही. "पुरावा तुझ्यासमोर तपासला काय?" म्हणाला, "मामा, पुढची फेरी दहा मिनिटांनी होती."

त्याच्याकडून आम्ही पंचांची नियमावली मागवली आणि त्याला शेजारी बसवून वाचून घेतली. सांगायला हरकत नाही, की ती आमच्या कित्येक कारखान्यांच्या स्थायी आदेशांपेक्षा शहाणपणाने लिहिलेली आहे. नुसता नियम मोडला म्हणजे लबाडी होत नाही. आपण नियमाबाहेर वागतो आहोत हे खेळाडूला माहीत असले पाहिजे, आणि त्यातून फायदा उपटण्याचा हेतू असला पाहिजे. दोन्ही हवेत. नाही तर ती चूक. तिला ताकीद, फार तर एक डाव गेला असे धरायचे. कामावर हात चुकणे आणि मुद्दाम यंत्र बिघडवणे यांतला भेद पटवून देता देता आमचा घसा बसला आहे. पत्तेवाल्यांनी तो लिहून ठेवला आहे!

पण त्याच नियमावलीत आणखी एक वाक्य आहे. त्याचा आशय असा, की कृत्य सिद्ध झाले नसले तरी स्पर्धेची सचोटी धोक्यात आली असे मानण्याइतकी माहिती मुख्य पंचाजवळ असेल, तर तो खेळाडूला बाद करू शकतो. हे वाचले आणि आम्ही चष्मा काढून ठेवला. मालकाचा 'विश्वास उडाला' म्हणून नोकरी गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. हे वाक्य त्याच घराण्यातले.

आता कुणी म्हणेल, हा खेळ आहे, फौजदारी खटला नव्हे. खरे आहे. आमच्या खात्यांतर्गत चौकशीलाही फौजदारी पुराव्याची सक्ती नाही. हरियाणाच्या एका बसवाहकाच्या प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. तपासनिसांना गाडीत बिनतिकिटाचे उतारू सापडले होते, त्यांनी पैसे दिले होते. पण त्यांचे जबाब घेतलेले नव्हते. न्यायालय म्हणाले, जबाब नसले तरी काही पुरावा आहे, तेवढा पुरे. वाहकाची नोकरी गेली. तो निकाल आम्हांला आजही बोचतो. पण त्याला निदान वरच्या पायऱ्या तरी चढता आल्या होत्या. १९४६ सालच्या स्थायी आदेशांच्या कायद्याने आरोप सांगण्याची आणि म्हणणे ऐकण्याची रीत पाडली. १९७१ च्या दुरुस्तीने शिक्षा जास्त आहे काय हे पाहण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. हे हक्क कुणी ताटात वाढून दिलेले नव्हते.

पत्तेवाल्याला कोणती पायरी? पत्ते छापते ती कंपनी, विकते ती कंपनी, नियम करते ती, बंदी घालते तीही. कायदा, ठाणेदार आणि न्यायाधीश एकाच छपराखाली, आणि तळमजल्यावर दुकान. पंचही बहुतेक हौशी. २०१६ साली कॅलिफोर्नियात काही पंचांनी कंपनीवर दावाच लावला, की आम्हांला नोकर माना आणि किमान वेतन द्या. म्हणजे न्याय देणाराही तेथे दाद मागत फिरत होता.

ब्रिजमध्ये निदान संघटना पत्ते विकत नाहीत. तेथली कथा ऐका. १९६५ साली ब्वेनोस आयरेसच्या जागतिक स्पर्धेत इंग्लंडच्या टेरेन्स रीझ आणि बोरिस शापिरो या जोडीवर आरोप आला, की पत्ते धरताना बोटे कमीजास्त दाखवून ते हातातल्या बदामांची संख्या एकमेकांना कळवतात. जागतिक संघटनेने त्यांना दोषी ठरवले. ब्रिटनने सर जॉन फॉस्टर या कायदेपंडिताच्या हाती स्वतंत्र चौकशी दिली. तिने १९६६ साली संशयाचा फायदा देऊन सोडले. तीच बोटे, तेच पत्ते, आणि दोन निकाल. का? तर पुराव्याची पट्टी दोघांची वेगळी होती. पुढे १९७५ पासून जागतिक स्पर्धेत जोडीदारांच्या मध्ये पडदा लावू लागले. पडद्याच्या त्या पहिल्याच स्पर्धेत एक इटालियन जोडी टेबलाखालून पाय लावताना दिसली! मग पडदा खालीही नेला.

२०१५ साली बॉये ब्रोगेलँड या नॉर्वेच्या खेळाडूने आपल्याच जुन्या सहकाऱ्यांवर जाहीर आरोप केला, आणि जगभरच्या खेळाडूंनी चित्रफिती घरी बसून तपासायला सुरुवात केली. फिशर आणि श्वार्ट्झ या इस्रायली जोडीवर बंदी आली. फांतोनी आणि नूनेस हे इटालियन. पत्ता उभा ठेवला की आडवा यावरून ते खूण करतात, हे हॉलंडमधल्या एका हौशी खेळाडू बाईंच्या लक्षात आले. युरोपीय संघटनेने बंदी घातली. ते खेळांच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. लवादाने २०१८ च्या जानेवारीत ती उठवली. आरोप हवा तितका सिद्ध झाला नाही, असे त्याचे मत पडले. आणि २०२१ साली फांतोनी इटलीच्या संघातून खेळायला बसला, तेव्हा समोरच्या संघांनी एकामागून एक त्याच्याशी खेळायला नकार दिला. गुण गेले तरी चालतील, खेळणार नाही.

मित्रहो, हे वाचले तेव्हा आमचे मन दोन्हीकडे ओढले गेले. बहिष्कार हे आमचेच हत्यार. पण लवादाने सोडलेल्या माणसावर ते उगारलेले पाहून हात आखडतो. त्या संघांना आम्ही दोष देत नाही, याचे कारण एक जुने प्रकरण आहे.

एका कारखान्यात नगावारी दराने काम चाले. तेथल्या एका कामगारावर आरोप आला, की शेजाऱ्यांनी काढलेले नग तो स्वतःच्या कार्डावर लिहितो. ज्या साहेबाने तक्रार केली तोच चौकशी अधिकारी होऊन बसला. एवढे मिळाल्यावर आम्हांला आणखी काय हवे? चौकशी रद्द झाली, मनुष्य मागील पगारासह कामावर आला. आम्ही हार घेऊन फाटकावर उभे होतो. हार घालायला कुणी पुढे आले नाही. त्याच ओळीतला एक म्हातारा फिटर आम्हांला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, केस तुम्ही जिंकलीत. माझे नग कुणी परत द्यायचे?" तो आमच्या संघटनेचा पहिल्या दिवसापासूनचा सभासद होता. त्याची तक्रार घेऊन आमच्याकडे कुणी आले नव्हते, कारण तो कुणावर आरोप करायला धजत नव्हता.

ती चौकशी वाईट होती, आणि तसेच प्रकरण उद्या आले तर आम्ही पुन्हा तेच करू. पण फसवला गेलेला माणूस हा त्या खोलीत कधी नसतोच, हे त्या म्हाताऱ्याने आम्हांला दाखवले. पत्त्यांतही तसेच. भाच्यासमोर बसलेल्या मुलानेही प्रवेशशुल्क भरले होते, रजा काढली होती. म्हणून "पुरावा नाही, सोडा" एवढ्यावर आमचे समाधान होत नाही. पंचाने डाव तेथल्या तेथे थांबवावा, तो अधिकार त्याला हवाच. दहा मिनिटांत खटला चालत नाही. पण स्पर्धेतून बाद करणे वेगळे आणि महिनोन्‌महिन्यांची बंदी वेगळी. बंदीआधी आरोप कागदावर यावा, पुरावा दाखवावा, आणि अपील पत्ते विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडे जावे. हे मागायला खेळाडूंची संघटना हवी. भाच्याला आम्ही ती काढ म्हणून सुचवले. तो म्हणाला, "मामा, ते सगळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत." आम्ही म्हटले, नगावारीवरचे कामगार कोण असतात?

चित्रफितींचे एक राहिले. २०१४ साली अमेरिकेत दोन खेळाडूंची पिसण्याची रीत प्रेक्षकांनीच चित्रफितींतून शोधून काढली, आणि त्यांना लांब मुदतीच्या बंद्या झाल्या. प्रेक्षकांचा डोळा मोठा असतो, हे मान्य. पण तो डोळा आधी माणूस निवडतो आणि मग खूण शोधतो. कुणाच्याही हाताची दहा तासांची फीत द्या, आम्ही तुम्हांला त्यात संशयास्पद काही तरी काढून देऊ. आमच्या फिरत्या तपासनिसांनी हेच केले आहे.

आता भाच्याचे. त्याला बंदी आली नाही. ती एक स्पर्धा तेवढी गेली. आम्ही अर्ज लिहून दिला, मुद्देसूद, सात परिच्छेदांचा. तो पाठवण्याआधी आम्ही दाराशी त्याला विचारले, जसे आम्ही प्रत्येक आरोपी कामगाराला एकदा एकट्याला विचारतो, "खरे काय?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "खुणा मी केल्या नाहीत. पण तिसऱ्या फेरीपासून त्या मला दिसत होत्या."

नियमावली आम्ही दोघांनीही वाचली होती. माहीत असणे आणि फायदा घेणे. त्याने अर्ज आमच्या हातातून घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. पुढच्या महिन्यात तो त्याच दुकानात पुन्हा खेळायला गेला, जाताना पिशव्यांची दोन नवी पाकिटे घेऊन. अर्ज त्याने पाठवला की नाही, हे त्याने सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.