खेळाडूचा तोरा आणि परपक्षाचा रोष



ज्या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकता, अर्थकारण ऐकता, संतांच्या वाङ्मयाचा परामर्श ऐकता, त्याच व्यासपीठावर आज आम्ही फुटबॉलच्या खेळाडूंचे नखरे घेऊन उभे राहिलो आहोत. विषय जाहीर झाला तेव्हा काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. ती आठी लगेच पुसावी असा आमचा आग्रह नाही. मात्र ती खेळाडूसाठी ठेवावी की प्रेक्षकासाठी, याचा निवाडा भाषण संपल्यावर करावा, एवढीच विनंती आहे.

गोल झाल्यावर खेळाडू काय काय करतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. कोणी हात पसरून धावत सुटतो, कोणी गुडघ्यांवर घसरत जातो, कोणी कोपऱ्यातल्या निशाणापाशी नाचतो. कोणी कानामागे हात धरून समोरच्या जमावाला ‘आता का बरे गप्प?’ असे विचारतो. गोल होण्यापूर्वीचेही नखरे असतात. सरळ पुढे जाता येत असताना प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांमधून चेंडू काढायचा, त्याला चकवून पुन्हा थांबायचे आणि पुन्हा चकवायचे. या सगळ्याला आम्ही तोरा म्हणतो. या तोऱ्यावर एका बाजूचे प्रेक्षक जीव ओवाळून टाकतात आणि दुसऱ्या बाजूच्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. या दोहोंमध्ये न्याय कसा करायचा, हा आजचा प्रश्न आहे.

पहिल्याने हे सांगितले पाहिजे की तोरा ही खेळातली भेसळ नव्हे. आपल्याकडचा मल्ल आखाड्यात उतरताना शड्डू ठोकतो. त्या शड्डूने प्रतिस्पर्ध्याचा एक केसही वाकडा होत नाही. मग तो कशासाठी? स्वतःला धीर देण्यासाठी, समोरच्याला आव्हान देण्यासाठी आणि भोवतालच्या हजारोंना ‘आता पाहा’ म्हणून सांगण्यासाठी. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसत तेव्हा सवालजबाबात काय नुसते अध्यात्मच असे? त्यात टोमणा असे, हिणवणे असे, डोक्यावरच्या तुऱ्याचा अभिमान असे, आणि श्रोते रात्र रात्र बसत ते त्याच्याही गोडीने. जेथे दोन पक्ष आणि भोवती गर्दी आहे, तेथे तोरा येणारच.

फुटबॉलमध्ये याचे जुने आणि गोड उदाहरण गारिंचाचे आहे. ब्राझीलचा हा खेळाडू जन्मतःच वाकड्या पायांचा होता. 1958 सालच्या फेब्रुवारीत मेक्सिको शहरी त्याच्या बोटाफोगो संघाचा सामना अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघाशी झाला. व्हायरो नावाचा एक नामांकित बचावपटू त्याच्यासमोर होता. गारिंचा त्याला पुनःपुन्हा चकवू लागला, तेव्हा बैलांच्या झुंजी पाहण्याची सवय असलेल्या त्या प्रेक्षकांनी प्रत्येक हुलकावणीला झुंजीतलाच ‘ओले’ हा गजर सुरू केला. बैलाला हुलकावणी देणाऱ्याची वाहवा चेंडूच्या मैदानावर आली ती त्या दिवशी, असे बोटाफोगोचे त्या वेळचे प्रशिक्षक जोआव साल्दान्या यांनी सांगून ठेवले आहे. व्हायरोला अखेर बाहेर बोलावले गेले, तेव्हा तो हसत बाहेर आला, असेही ते सांगतात. सामना मात्र 1–1 असा बरोबरीत सुटला. म्हणजे एवढा तोरा दाखवून पदरात विजय पडला नाही. पण सामना लोकांच्या स्मरणात राहिला.

आता कोणी म्हणेल, तोऱ्याला काही शासन असावे की नाही? असावे, आणि ते खेळातच आहे. 1990 सालच्या विश्वचषक स्पर्धेत कोलंबियाचा गोलरक्षक इगीता आपली जागा सोडून पार पुढे आला. चेंडू हाताने धरण्यापेक्षा पायाने खेळवण्याची त्याला हौस. समोर होता कॅमेरूनचा रॉजर मिला, वय वर्षे 38. इगीता त्याला हुलकावणी देऊ गेला, मिलाने चेंडू काढून घेतला आणि मोकळ्या गोलात मारला. आणि मग आपल्या रिवाजाप्रमाणे कोपऱ्यातल्या निशाणापाशी जाऊन नाचला. एकाच्या तोऱ्याने गोल गेला आणि दुसऱ्याचा तोरा जगाच्या लक्षात राहिला. इगीताला धडा मिळाला तो कोणाच्या कोपराने किंवा शिवीने नव्हे. चेंडू गेला, हाच तो धडा.

ही साधी गोष्ट सर्वांना मानवत नाही. ब्राझीलमध्येच केर्लोन नावाचा एक तरुण खेळाडू होता. चेंडू कपाळावर उडवत उडवत तो धावत जाई. सर्कशीतला सील मासा नाकावर चेंडू तोलतो ना, तसा! 2007 सालच्या सप्टेंबरात क्रुझेइरो आणि अ‍ॅटलेटिको मिनेइरो या हाडवैरी संघांच्या सामन्यात त्याने ही करामत केली, तेव्हा प्रतिपक्षाच्या कोएल्यो या बचावपटूने अंगावर जाऊन त्याला आडवे केले. कोएल्योला मैदानाबाहेर काढण्यात आले आणि पुढे 120 दिवसांची बंदी सुनावण्यात आली. ती नंतर कमी झाली. त्यावर देशात दोन तट पडले. एक म्हणे, कपाळावर चेंडू नाचवणे ही थट्टा आहे, मार बसणारच. दुसरा म्हणे, नियमात बसणारी कला आहे, जमत असेल तर चेंडू काढून घ्या. आम्ही या दुसऱ्या तटात आहोत. ज्याला चेंडू काढून घेता येत नाही त्याने माणूस पाडावा, हे काही शौर्य नव्हे.

परंतु सगळेच तोरे एका मापाने मोजता येत नाहीत, हेही आम्ही कबूल करतो. काही तोरा आपल्या आनंदाचा असतो आणि काही दुसऱ्याच्या जखमेवर मीठ चोळण्याचा असतो. 2017 सालच्या एप्रिलात माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर मेस्सीने शेवटच्या क्षणी गोल करून बार्सिलोनाला 3–2 असा विजय मिळवून दिला, सदरा काढला आणि आपले नाव दिसेल असा तो रेआल माद्रिदच्या प्रेक्षकांसमोर धरून उभा राहिला. तो त्याचा बार्सिलोनासाठीचा 500 वा गोल होता. ऑगस्टमध्ये रोनाल्डोने बार्सिलोनाच्या मैदानावर गोल करून तसाच सदरा काढून दाखवला. हा तर सरळ सरळ सवालजबाबच झाला! पण सदरा काढल्यास पिवळे कार्ड मिळालेच पाहिजे, असा नियम 2004 पासून आहे. रोनाल्डोला ते मिळाले, थोड्याच वेळात मुद्दाम पडल्याबद्दल दुसरे मिळाले आणि तो बाहेर गेला. जाताना पंचांना ढकलले म्हणून बंदी पडली ती निराळी. तोऱ्याचा हिशेब असा कधी कधी हातोहात होतो.

याच्याही पलीकडे एक पायरी आहे. ग्लासगो शहरातील रेंजर्स आणि सेल्टिक यांच्या वैरात पंथाचे जुने भांडण मिसळलेले आहे. 1998 सालच्या जानेवारीत रेंजर्सच्या पॉल गॅस्कॉइनने सेल्टिकच्या प्रेक्षकांसमोर हवेत बासरी वाजवण्याचा अभिनय केला. परक्याला वाटेल, काय हा बालिशपणा! पण ती बासरी प्रॉटेस्टंटांच्या मिरवणुकीची होती आणि समोरचे लोक बहुतेक कॅथलिक होते. त्याच्या संघानेच त्याला दंड केला, आणि तो योग्यच होता. कारण तो तोरा खेळाचा राहिला नव्हता; समोरच्याच्या घराण्यावर आणि श्रद्धेवर बोट ठेवणारा झाला होता. आमच्या मते हद्द आहे ती येथे. गोल झाला, आम्ही जिंकलो, असे शंभरदा सांगा. तुम्ही जन्माने हीन, असे एकदाही सांगू नका.

आणि जी हद्द खेळाडूला, तीच प्रेक्षकाला. येथे आम्ही आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो.

व्हिनिसियस ज्युनियर हा ब्राझीलचा कृष्णवर्णी तरुण रेआल माद्रिदकडून डाव्या बगलेने खेळत असे तेव्हाची गोष्ट. गोल केला की तो नाचे. 2022 सालच्या सप्टेंबरात त्या नाचावरून स्पेनमध्ये वाद माजला. दूरचित्रवाणीवरील एका चर्चेत एका पाहुण्याने त्याला ज्या शब्दांत फटकारले त्याचा नेमका मराठी अर्थ ‘माकडचेष्टा बंद कर’ असा होतो. त्या गृहस्थांनी पुढे माफी मागितली आणि हा केवळ वाक्प्रचार होता असा खुलासा केला. श्रोतेहो, माकडचेष्टा हा शब्द आपणही घरातल्या पोराला सहज म्हणतो. पण शब्दाचा अर्थ तो कोणाला उद्देशून उच्चारला यावर ठरतो. ज्याच्या वर्णाच्या लोकांना शतकानुशतके माकड म्हणून हिणवले गेले, त्याला तो शब्द वाक्प्रचार म्हणून कसा ऐकू येईल? थोड्याच दिवसांनी अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या मैदानाबाहेर जमावाने गाण्याच्या चालीवर त्याला उघड माकड म्हटले. आत रोद्रिगोने गोल केला आणि दोघे मिळून नाचले. रेआलने सामना 2–1 असा जिंकला.

प्रकरण एवढ्यावर थांबले असते तर बरे होते. 2023 सालच्या जानेवारीत त्याचा सदरा घातलेला एक पुतळा माद्रिदमधील पुलावरून गळ्याला दोर लावून लटकवलेला आढळला. मे महिन्यात व्हॅलेन्सियाच्या मैदानावर वर्णावरून शिव्या आल्या, खेळ काही मिनिटे थांबवावा लागला. पुढे 2024 सालच्या जूनमध्ये तेथील तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली. स्पेनमध्ये फुटबॉलच्या मैदानावरील वर्णद्वेषी शिवीगाळीबद्दल झालेली ही पहिली शिक्षा. पुतळ्याच्या प्रकरणातही 2025 साली चौघांना शिक्षा झाल्या. दरम्यान 2024 सालच्या मार्चमध्ये हा हजारोंसमोर नाचणारा मुलगा पत्रकारांसमोर बसून रडला. खेळण्याची इच्छाच कमी होत चालली आहे, असे त्याने सांगितले.

त्याच्या बाजूने बोलताना आम्ही त्याला साधू ठरवीत नाही. तो प्रतिस्पर्ध्यांशी हुज्जत घालतो, पंचांशी वाद घालतो. त्या व्हॅलेन्सियाच्या सामन्यातून बाहेर जाताना त्याने दोन बोटे दाखवून ‘तुम्ही आता दुसऱ्या श्रेणीत जाणार’ असे प्रेक्षकांना खिजवलेच. खिजवले म्हणून त्याला हुर्यो करा, शिट्ट्या मारा, त्याचा पास चुकला की टाळ्या पिटा. तो तुमचा हक्क आहे, तिकिटात त्याचे पैसे मोजलेले असतात. परंतु ‘तो नाचला म्हणून आम्ही माकड म्हटले’ हा युक्तिवाद खोटा आहे. नाच हे निमित्त होते. शिवी आधीच ओठांवर होती. नाचणारे गोरे खेळाडूही पुष्कळ आहेत, त्यांचे पुतळे पुलावर लटकत नाहीत.

आता हे सारे परदेशचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी समजू नये. 16 ऑगस्ट 1980 रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना चालू असताना दोन खेळाडूंची झटापट झाली. तिची आग सज्जात पोचली आणि चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक प्राणांस मुकले. घरून खेळ पाहायला म्हणून निघालेली ती माणसे होती. आपल्या कोल्हापुरात तर पेठापेठांचे आणि तालमीतालमींचे संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी ही नावे तेथील पोर बाराखडीबरोबर शिकते. शाहू स्टेडियमवरची ती ईर्षा हे त्या नगरीचे भूषण आहे. पण तीच ईर्षा हुल्लडीवर गेली की खेळ बंद पडतो आणि बातमी गोलाची न येता दगडांची येते, हेही आपण वाचलेले आहे. तोरा मैदानावर असतो तोवर ती मौज. तो सज्जात दगड होऊन उतरला की मौज संपली.

शेवटी एकच चित्र आपल्यासमोर ठेवतो. 19 नोव्हेंबर 2005 रोजी त्याच बेर्नाबेऊ मैदानावर बार्सिलोनाच्या रोनाल्दिन्योने दोन गोल केले. तोही नखरेबाज, तोही हुलकावण्या देणारा, तोंडावर सदा हसू. रेआल माद्रिदचा संघ घरच्या मैदानावर 3–0 असा हरत होता. आणि दुसऱ्या गोलानंतर रेआलचेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्यांचा पक्ष बदलला नव्हता, पराभवाचे दुःखही गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बार्सिलोनाला शिव्या देणार होते, यात आम्हाला शंका नाही. परंतु त्या घटकेला त्यांनी वैर बाजूला ठेवून गुणाला दाद दिली.

आपल्या घराण्याची टाळी कोणालाही मिळते. परपक्षाची टाळी मिळवणे कठीण आणि परपक्षाला टाळी देणे त्याहून कठीण. ती प्रत्येक वेळी द्या असा आमचा उपदेश नाही. आमच्याच्यानेही ते होत नाही. आमचा संघ हरत असला आणि समोरचा नाचत असला की आम्हीही दात ओठ खातो. मात्र त्या घटकेला तोंडातून जो शब्द बाहेर पडतो तो त्याच्या खेळावर पडतो आहे की त्याच्या जन्मावर, एवढे पाहण्याचे भान राहिले तरी पुष्कळ झाले. आरंभी ज्या आठीची गोष्ट आम्ही काढली, तिचा निवाडा आता आपण करावा.