सव्वा कोटींचा तोंडी आदेश

(आटगाव येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विमा जायज की नाजायज, यावर मी आज बोलणार नाही. तो प्रश्न उलेमांचा आणि तुमच्या घरचा. पण आपण विम्याकडे गेलो नाही तरी विमा आपल्याकडे येतो. बँकेत खातं उघडताना एक कागद पुढे सरकवला जातो, त्यावर सही होते आणि दरवर्षी 436 रुपये कापले जातात. बाइकसाठी, घरासाठी कर्ज घ्या, त्याला विमा चिकटवलेला असतो. इथल्या कारखान्यात, पडघा-भिवंडीच्या गोदामात काम करणारे, कसारा लोकलने रोज मुंबई गाठणारे, आपल्यातल्या बहुतेकांचा थोडाफार पैसा कुठल्या ना कुठल्या विमा कंपनीत आहे. त्या पैशावर लक्ष कोण ठेवतं आणि ते लक्ष चुकतं तेव्हा नेमकं काय होतं, एवढाच माझा आजचा विषय.

आयुर्विमा हा विचित्र माल आहे. पैसे आज द्यायचे, माल वीस-तीस वर्षांनी मिळणार, आणि तोही बहुतेक वेळा आपण नसताना. भाजी सडकी निघाली तर उद्या भाजीवाल्याशी भांडता येतं. इथे तसं नाही. मधल्या वर्षांत कंपनी आपल्या पैशाचं काय करते, ते ग्राहकाला दिसत नाही. म्हणून या धंद्यावर देखरेख लागते.

आपल्याकडे 1938 सालापासून विमा कायदा होता, विमा नियंत्रक होता, तपासणीचे अधिकार होते. तरीही 1956 पर्यंतच्या दहा वर्षांत पंचवीस आयुर्विमा कंपन्या बुडाल्या. आणखी पंचवीस इतक्या खिळखिळ्या झाल्या की त्यांचा धंदा दुसऱ्यांकडे द्यावा लागला आणि तोटा विमेदारांनी सोसला. हा हिशोब तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी दिला होता. पुढे त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे रायगडचे चिंतामणराव हेच.

त्या काळातलं गाजलेलं प्रकरण भारत इन्शुरन्स कंपनीचं. तिचे प्रमुख रामकृष्ण दालमिया. कंपनीचा दोन कोटींहून अधिक पैसा मुंबईच्या शेअर बाजारात सट्ट्याला लागला आणि वह्यांमध्ये मात्र सरकारी रोखे विकत घेतल्याच्या नोंदी होत्या. नोंद चोख, रोखे जागेवर नाहीत. 1955 मध्ये सरकारी अधिकाऱ्याने रोखे प्रत्यक्ष दाखवा असा लकडा लावला, तेव्हा बिंग फुटलं. मला यातली गंमत अशी वाटते की तपासाची सगळी हुशारी त्या एका मागणीत होती. वही नको, वस्तू दाखवा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही स्क्रीनवर हिरवी खूण दिसते म्हणजे बॅकअप झालाच, असं धरून चालत नाही. तो परत उघडून पाहावा लागतो.

त्यानंतर 19 जानेवारी 1956 ला अध्यादेश निघाला, विदेशी-देशी मिळून 245 विमा कंपन्या आणि संस्था सरकारने ताब्यात घेतल्या. 1 सप्टेंबर 1956 ला आयुर्विमा महामंडळ म्हणजे एलआयसी सुरू झाली, मुख्यालय मुंबईत. लोकांना वाटलं, आता मालक सरकारच, मग लबाडी कोण करणार? आणि वर्षही पुरतं झालं नव्हतं तोच मुंदडा प्रकरण घडलं.

हरिदास मुंदडा हे कलकत्त्याचे उद्योगपती आणि सटोडिये, पैशाच्या अडचणीत सापडलेले. जून 1957 मध्ये एलआयसीने त्यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. बाजारातून नव्हे, थेट मुंदडांकडून. गुंतवणूक कुठे करायची ते ठरवायला एलआयसीची स्वतःची समिती होती. व्यवहार आधी झाला, समितीला नंतर कळलं. म्हणजे कुंपण होतं, फाटकही होतं, पण त्या दिवशी कुणी फाटकातून गेलंच नाही.

संसदेत आधी प्रश्न आले, त्यांना मोघम उत्तरं मिळाली. मग 16 डिसेंबर 1957 ला फिरोज गांधी उभे राहिले. सत्ताधारी पक्षाचे खासदार, पंतप्रधानांचे जावई. त्यांनी मोठमोठी भाषणबाजी केली नाही. शेअर कुणाचे घेतले, कुठल्या तारखेला, काय भावाने, त्या दिवशी बाजारात भाव काय होता, एवढंच मांडत गेले. सरकारला चौकशी नेमावी लागली आणि ती सोपवली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांच्याकडे.

इथे जरा थांबू. आपल्या मुलांना छागलांचं नाव माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. मुंबईत वाढलेला हा माणूस, त्याने ठरवलं की चौकशी मुंबईत आणि सर्वांसमोर होईल. गर्दी इतकी झाली की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. कल्पना करा, विम्याच्या गुंतवणुकीसारखा रूक्ष विषय आणि लोक रस्त्यात उभे राहून साक्षी ऐकताहेत. खाली विमेदारच उभे होते, असंही म्हणता येईल. अध्यक्ष, सचिव, शेअर दलाल, अगदी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारीसुद्धा साक्षीला आले.

साक्षींमधून जे निघालं ते फार साधं होतं. अर्थ सचिव एच. एम. पटेल यांनी एलआयसीच्या अधिकाऱ्यांना हा व्यवहार करायला सांगितलं. पटेल म्हणाले, मंत्र्यांची संमती होती. मंत्री म्हणाले, मी संमती दिली नव्हती. एलआयसीवाले म्हणाले, आम्हाला वाटलं हा सरकारचा आदेश आहे. आणि कागद? कागद नव्हता. एलआयसीच्या कायद्यात कलम 21 होतं, आजही आहे. त्यानुसार सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं, पण लेखी. इथे सव्वा कोटींचा सौदा तोंडी सांगण्यावर झाला. कलकत्त्याचा बाजार सावरायला हे केलं, असं कारण नंतर देण्यात आलं. छागलांना ते पटलं नाही.

आमच्याकडे कंपनीत कुणी फोनवर म्हणालं की सर्व्हरवर अमुक बदल कर, तर नवखा पोरगाही विचारतो, तिकीट कुठे आहे? कारण उद्या सिस्टीम बसली तर कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून काय बदललं, ते सापडायला हवं. तिकीट मागणं हा उद्धटपणा नसतो. एलआयसीत त्या दिवशी तिकीट मागणारा कुणी निघाला नाही. सगळे शिकलेले, अनुभवी लोक होते. वरून फोन आला की विचारायचं नसतं, ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती.

छागलांनी काही आठवड्यांत, फेब्रुवारी 1958 मध्ये अहवाल दिला. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही आणि सरकारला स्वायत्त महामंडळाच्या कामात काही सांगायचंच असेल तर ते लेखी सांगावं, असं त्यांनी म्हटलं. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. (1963 मध्ये ते परत अर्थमंत्री झाले आणि त्याच वर्षी छागला शिक्षणमंत्री. दोघं एकाच मंत्रिमंडळात बसले! पटेलही पुढे 1977 मध्ये अर्थमंत्री झाले. राजकारण असं असतं.)

आता आजचं. 1999 च्या कायद्याने स्वतंत्र विमा नियामक आला, आयआरडीएआय. म्हणजे लक्ष ठेवणारा मंत्रालयाच्या खोलीबाहेर बसला, ही सुधारणा खरीच. पण सहारा इंडिया लाइफ इन्शुरन्सचं पाहा. जून 2017 मध्ये नियामकाने तिच्यावर प्रशासक नेमला, नवा धंदा बंद केला आणि पुढच्याच महिन्यात तिचा धंदा दुसऱ्या कंपनीकडे देण्याचा आदेश काढला. तो मुंबईतल्या रोखे अपिलीय न्यायाधिकरणात टिकला नाही. मग जून 2023 मध्ये सुमारे दोन लाख पॉलिसी एसबीआय लाइफकडे देण्याचा नवा आदेश निघाला. काही दिवसांत त्यालाही स्थगिती मिळाली. कंपनीला बाजू मांडायचा हक्क आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मधली सहा वर्षं हप्ते भरणाऱ्या माणसाने कुणाकडे पाहायचं? ही सुनावणी रस्त्यात उभं राहून ऐकणारं आता कुणी नव्हतं.

शेवटी घरातलं. आमच्या एका चाचांनी निवृत्तीचे पैसे ठेवायला एका बँकेत चक्कर मारली. काउंटरवरचा म्हणाला, चाचा, एफडीसारखंच आहे, व्याज जास्त. हातात आली ती आयुर्विम्याची पॉलिसी, दरवर्षी हप्ता. दुसरा हप्ता मागितला तेव्हा त्यांना कळलं. बँकेत गेलो तर उत्तर, सही तुमचीच आहे. सही खरी होती. "एफडीसारखंच" हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मी आता घरात सगळ्यांना सांगतो, काउंटरवर जे बोललं गेलं ते तिथेच त्यांच्याकडून लिहून मागा. लिहून देत नसतील तर सही करू नका. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, हप्त्यातली किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्या, पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

चहा येतोय तोवर ज्यांच्याजवळ पासबुक आहे त्यांनी मे-जूनच्या पानावर 436 ची नोंद शोधा. सापडली तर पुढच्या आठवड्यात बँकेत जाऊन वारस म्हणून कुणाचं नाव लागलंय ते विचारा, आणि ते लेखी घ्या. ज्यांना अर्ज लिहायचा आहे त्यांनी इथेच थांबा, आपण मिळून लिहू.