एका घरात दोन पाहुणे : पत्रिकेतील चंद्र-शनी युती

(गणेशोत्सवानिमित्त बंगळूर येथे झालेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आपल्याकडे एक विषय हमखास निघतो. कोणाच्या मुलीचे, कोणाच्या भाच्याचे जमले का? आणि त्यामागून एक वाक्य येते, "स्थळ चांगले होते हो, पण पत्रिकेत चंद्र-शनी युती निघाली." या युतीला विषयोग असे नाव असल्याने ऐकणारा तिथेच गप्प होतो. आज या नावामागे काय आहे ते पाहू.

युती म्हणजे दोन ग्रह एका राशीत असणे. चंद्र साधारण २७.३ दिवसांत बारा राशी फिरतो, म्हणजे एका राशीत त्याचा मुक्काम सुमारे सव्वादोन दिवस. शनी एकाच राशीत जवळजवळ अडीच वर्षे बसतो. त्यामुळे चंद्र दर महिन्याला शनीच्या घरी सव्वादोन दिवस पाहुणा असतो. त्या काळात जगात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत ही युती येणारच. सरासरीने बारा माणसांमागे एकाला ती असते. या सभागृहात आपण शंभर-सव्वाशे जण असू, म्हणजे आठ-दहा जण हा 'विषयोग' घेऊन आनंदाने मोदक खात आहेत!

आता अंश पाहा. रास ३० अंशांची. चंद्र मेषेच्या १ अंशावर आणि शनी मेषेच्याच २९ अंशांवर असेल तर दोघांत २८ अंशांचे अंतर आहे, तरी कागदावर युती दिसते. उलट चंद्र मेषेच्या २९ अंशांवर आणि शनी वृषभेच्या १ अंशावर असेल तर अंतर फक्त २ अंश, पण घरे वेगळी म्हणून कोणी काही बोलत नाही. म्हणून जाणकार आधी अंश विचारतो, नाव नंतर घेतो.

तिसरी गोष्ट लग्नाची, म्हणजे लग्नराशीची! तूळ लग्न असेल तर शनी चतुर्थ आणि पंचम या दोन्ही स्थानांचा स्वामी होतो, आणि चंद्र दशमाचा. केंद्र व त्रिकोण यांच्या स्वामींची ही भेट; शास्त्रात तिला राजयोग म्हणतात. सिंह लग्न असेल तर तोच शनी षष्ठ-सप्तमाचा आणि चंद्र व्ययाचा स्वामी. तिथे फळ कष्टाचे सांगतात. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच गावात, काही तासांच्या फरकाने जन्मलेल्या दोन मुलांची युती तीच, पण एकाला राजयोग आणि दुसऱ्याला विषयोग. चंद्र हा मनाचा व मातेचा कारक, शनी विलंबाचा, शिस्तीचा आणि चिकाटीचा. त्यांच्या भेटीतून कोणी उदासपणा वाचतो, कोणी जबाबदारीची जाण. शिवाय गुरूची दृष्टी, दशा, नवमांश हे सगळे बघायचे राहिलेलेच असते.

आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना आणखी दोन अडचणी आहेत. आपल्या चौकटीच्या कुंडलीत वरचे मधले घर लग्नाचे, आणि आत लिहिलेला आकडा राशीचा. इथल्या दक्षिणी कुंडलीत राशींची घरे ठरलेली असतात, मीन वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि तिच्या उजवीकडे मेष. मंगळाला इथे 'कुज' म्हणतात, म्हणून 'कु' लिहितात. 'मां' दिसले तर ती मांदी, मंगळ नव्हे. इथली पत्रिका गावाकडे पाठवताना हे सांगावे, नाहीतर ग्रह भलत्याच घरात वाचले जातात.

दुसरी अडचण पंचांगाची. दाते पंचांग चित्रापक्षाचे, टिळक पंचांग रैवतपक्षाचे. दोघांच्या अयनांशात सुमारे ४ अंशांचा फरक आहे. दात्यांच्या गणिताने चंद्र मेषेच्या २८ अंशांवर आणि शनी २० अंशांवर असेल तर युती आहे. टिळक पंचांगाने तोच चंद्र वृषभेत जातो आणि युती मोडते. आकाशातला चंद्र मात्र जागचा हललेला नसतो. मग ज्या दोषावरून आपण स्थळ नाकारले, तो मुलीत होता की पंचांगात?

हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे, आणि या शास्त्रातले गणित मला आजही मोहवते. पण छंदालाही मर्यादा असावी. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या. बरोबर उत्तरे निम्म्याहूनही कमी आली. नाणे उडवले असते तरी तेवढीच आली असती. पूर्ण पत्रिका हातात असताना ही गत, तर एका युतीवरून कोणाचा संसार कसा ठरवणार?

म्हणून एक विनंती. पत्रिका पाहायची असेल तर जरूर पाहा, घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन त्यात असते. पण 'चंद्र-शनी आहे' एवढ्यावर फोन ठेवू नका. अंश विचारा, लग्नरास विचारा, पंचांग कोणते ते विचारा. त्याहीपेक्षा मुलामुलींना दोन-चार वेळा भेटू द्या, बोलू द्या. स्वभाव, शिक्षण, प्रकृती, घरातले वळण हे समोर बसून कळते. गावापासून इतक्या दूर आपल्या मुलांसाठी स्थळे आधीच मोजकी. त्यातली चांगली माणसे एका भीतिदायक नावापायी गमावू नयेत.

विघ्नहर्ता आपल्या मुलांच्या वाटेतली विघ्ने दूर करो, आणि नवी विघ्ने आपण निर्माण न करण्याची बुद्धी आपल्याला देवो.

गणपती बाप्पा मोरया!