नांगरकृमीची ओळख

नदी-तलावांतील माशाच्या अंगावर कधी कधी दोऱ्याच्या तुकड्यासारखे काही लोंबताना दिसते. तो नांगरकृमी. नाव कृमीचे, पण प्राणी झिंगे-खेकड्यांच्या कवचधारी वर्गातला. लिनियसने १७५८ साली त्यास ‘लर्निया’ म्हटले. दिसते ती मादीच. तिच्या शेवटाशी अंड्यांच्या दोन पिशव्या असतात. नांगरासारखे डोके मात्र मांसात रुतलेले असते आणि जात ओळखण्यास तेच मुख्यतः उपयोगी पडते. मच्छीमार बांधव तो उपटतात तेव्हा नेमके डोकेच तुटून आत राहते. मग उरलेल्या धडाचे वर्णन करून काय साधणार? यास्तव मेलेल्या माशाच्या भोवतालच्या मांसासह तो कापून घ्यावा, ७० टक्के मद्यार्कात ठेवावा आणि मासा, जलाशय, दिनांक व अंगावरील जागा नोंदविलेली चिठ्ठी बाटलीतच टाकावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. मद्यार्कात शाई विरघळते.