थंडी मोजणारा वेल



किवीच्या वेलावर व्याख्यान, आणि तेही ऐन वसंतात बाळकुमात, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु हे फळ आता आपल्या बाजारात केळ्यांच्या शेजारी येऊन बसले आहे. आणि ‘आमच्या अंगणात हा वेल फळेल काय?’ असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. उत्तर ‘नाही’ असे आहे. नुसते तेवढे सांगून घरी जाता आले असते. पण त्या नकाराच्या पोटात जे दडले आहे ते ऐकण्यासारखे आहे, म्हणून हा खटाटोप.

हा वेल मूळचा चीनच्या डोंगरांतला. तेथे हिवाळ्यात पाने गाळून तो झोपी जातो. आता असे पाहा, की माघात चार दिवस ऊन पडले आणि त्याला भुलून डोळे फुटले, तर मागून येणाऱ्या हिमाने ते करपून जातील. म्हणून हा वेल उबेवर विश्वास ठेवीत नाही. तो थंडी मोजतो. पारा 7 अंश सेल्सिअसच्या खाली राहिला असे सुमारे 700 ते 800 तास पदरी पडले, म्हणजेच त्याचे डोळे नीट फुटतात आणि फुले येतात. आता आपला हिशेब मांडा. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेला नीचांक 22 जानेवारी 1962 चा, 7.4 अंशांचा! ज्या दिवशी आपल्या या टापूत हुडहुडी भरली, त्या दिवशीही तेथल्या पाऱ्याने किवीच्या खात्यात एक तास जमा केला नाही.

यावर कोणी म्हणेल, महाबळेश्वरला काय हरकत आहे? उंची तर साडेचार हजार फुटांची, हिमाचलातल्या किवीच्या बागांइतकीच. पण उंची म्हणजे हिवाळा नव्हे. महाबळेश्वर उष्ण कटिबंधात आहे. तेथला गारवा सुखाचा असला तरी वेलाला झोप लागेल इतका तो कडक नाही. तेथली स्ट्रॉबेरी या अडचणीतून सुटली, कारण तिची रोपे दरवर्षी नव्याने लावतात. किवीचा वेल एका जागी वर्षानुवर्षे उभा राहावयाचा.

मग नाशिकची द्राक्षे कशी? हा प्रश्न खरा मार्मिक. द्राक्षवेलही थंड मुलखातला. तिकडे तो हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. आपल्या बागायतदारांनी त्याला झोपेऐवजी कात्री दिली. एप्रिलात खरड छाटणी करावयाची, त्या फुटीच्या डोळ्यांत घड तयार होऊ द्यावयाचे, आणि ऑक्टोबरात दुसरी छाटणी करून ते बाहेर काढावयाचे. डोळ्यांना औषध लावून जागे करण्याची युक्तीही आहे. तीच युक्ती न्यूझीलंडात किवीवर करतात. पण ती अपुऱ्या थंडीला हातभार लावते, थंडीची जागा घेत नाही. द्राक्ष तडजोडीला तयार झाले, किवी झाले नाही. एवढाच काय तो दोघांतला फरक, आणि तोच सारा फरक.

आपल्या देशाने हा धडा लवकर घेतला. बंगळूरच्या लालबागेत हा वेल प्रथम आला तो शोभेसाठी, आणि शोभेपुरताच राहिला. 1963 साली सिमल्याजवळ फागळीस त्याच्या जाती लावल्या, आणि 1969 साली तेथे फळ धरले. आज अरुणाचलच्या झिरो खोऱ्यात त्याच्या बागा आहेत.

आपली मुलेबाळे आता थंड देशांत जाऊन घरे करतात. त्यांच्या परसात मात्र हा वेल उघड्यावर वाढू शकतो. त्यांना कळवावयाच्या दोनतीन गोष्टी सांगतो. हिवाळा फार कडक असेल तर याच कुळातला लहान, गुळगुळीत सालीचा प्रकार लावावा. झोपेत तो उणे 30 अंशांपर्यंत टिकतो. पण झोपेतली ही ताकद जागेपणी राहात नाही. वसंतातली कोवळी फूट एका रात्रीच्या हिमाने काळी पडते. म्हणून सखल, थंड हवा साचणारी जागा टाळावी आणि कोवळ्या खोडाला गोणपाट गुंडाळावे. मांडव भक्कम हवा, दोडक्याचा चालणार नाही.

आणि मुख्य गोष्ट नरमादीची. पावसाळ्यात येऊरच्या बाजूने जी कंटोली विकावयास येतात, त्यांच्या वेलांत नर वेगळा, मादी वेगळी, किवीचेही तसेच. बागेत आठ मादीवेलांमागे एक नर ठेवतात. मादीफुलात परागासारखे दिसते खरे, पण ते निर्जीव असते, आणि फुलात मध नसल्यामुळे मधमाशीही उत्साहाने येत नाही. एकटा वेल लावून पाचसहा वर्षे वाट पाहात बसलेले लोक थंड देशांतही सापडतात.

राहिले आपण बाळकुमकर. फळ घट्ट असतानाच तोडलेले असते, म्हणून बाजारातून आणल्यावर ते आंबट लागते. पिकल्या केळ्यांबरोबर कागदात गुंडाळून तीनचार दिवस ठेवावे, आणि अंगठ्याखाली किंचित दबले की कापावे.